दोहोंपैकी एक निवडा

१

सकाळचं पाणी भरून झालं की मी बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसतो आणि काम उघडतो. पडद्यावर वर एक मागणी असते. निरोपसमारंभाचं भाषण लिहा, गॅस एजन्सीला तक्रार लिहा, आजीवर दहा ओळी लिहा, असं काहीही. तिच्याखाली शेजारी शेजारी दोन उत्तरं, दोन्ही यंत्रांनी लिहिलेली. काम देणाऱ्या कंपनीत त्या दोन यंत्रांना, म्हणजे मदतनिसांना, आकडे जोडलेली लांबलचक नावं आहेत. मी त्यांना बैलजोडीसारखं डावा आणि उजवा म्हणतो. दोन्ही उत्तरं वाचायची, एक निवडायचं, आणि का निवडलं ते चौकटीत एकदोन ओळींत लिहायचं. अगदी खाली बारीक अक्षरांत सूचना असते: दोहोंपैकी एक निवडा.

पूर्वी 'दोन्ही सारखी' असं तिसरं बटण होतं. लोक कंटाळा करून तेच दाबत, म्हणून ते काढून टाकलं.

हे काम मला युवराजने दिलं. मी अंबाजोगाईत मराठी शिकवत होतो तेव्हा तो शेवटच्या बाकावर बसून कविता करायचा. आता पुण्यात मराठी लिहून देणारा मदतनीस तयार करतो. सुनिता गेल्यानंतर भेटायला आला होता. जाताना म्हणाला, "सर, तुमच्याइतकं बारीक वाचणारं आमच्याकडे कुणी नाही. घरी बसून करा. डोकं गुंतून राहील."

डोकं गुंतत नाही. पण हात चालू राहतो. माझ्या नावावर दोन कादंबऱ्या आहेत. तिसरीसाठी जी इच्छा लागते ती आता होत नाही. या कामाला इच्छा लागत नाही.

सुनिता माझी बायको. माहेर शिरूर कासारकडचं, घरात पिढ्यानपिढ्या ऊसतोड. ती अंगणवाडीत होती. एवढी वर्षं माझ्याबरोबर राहून तिच्या बोलण्यावर माझा काडीचा परिणाम झाला नाही. मला ती 'पुस्तक' म्हणायची. दारातून आत आलो की आतल्या बायकांना सांगायची, "पुस्तक आलं बघा." तिच्या साड्या तेजश्रीने, आमच्या मुलीने, वाटून टाकल्या. औषधं परत केली. तिचं बोलणं तेवढं माझ्यापाशी राहिलं होतं. कानात, आणि फोनमध्ये जपून ठेवलेल्या एका निरोपात.

तिची वाक्यं मी इथे प्रमाण मराठीत लिहितो आहे. ती तशी बोलत नव्हती.

२

दिवाळीनंतर युवराजने कामात एक नवा भाग आणला, आठवणी लिहिण्याचा. माणूस चार तुटक गोष्टी सांगेल, मदतनिसाने त्यांचं चांगलं लिखाण करायचं.

"यात ते पदरचं घालतात, सर," तो फोनवर म्हणाला. "न घडलेलं घडलं म्हणून लिहितात, आणि इतकं सफाईनं की वाचणाऱ्याला कळत नाही. म्हणून मागणीत तुम्हाला पक्क्या ठाऊक असलेल्याच गोष्टी द्या. चूक पकडता येईल."

मला पक्की ठाऊक असलेली एकच गोष्ट होती. मी लिहिलं: 'सुनिताचे आईवडील ऊसतोडीला जात. त्यांचा एक कोयता होता. लग्नानंतर ती म्हणायची, आपलाही एक कोयता झाला. ती गेली, आता मी अर्धा कोयता.'

ऊसतोडीच्या टोळीत नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. एकट्या माणसाचा अर्धा. आमच्या जिल्ह्यात हे पहिलीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. यंत्राला कोण सांगणार?

डाव्याने लिहिलं होतं की पत्नीच्या जाण्याने जीवनात न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. उजव्याने लिहिलं होतं:

'अर्धा कोयता स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला आहे. उरलेला अर्धा ती सोबत घेऊन गेली.'

मी ते दोनदा वाचलं. अर्थ साफ चुकला होता. कोयता म्हणजे लोखंडाचा कोयता, असंच त्याने धरलं होतं. पण पंचवीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या वह्यांत असं वाक्य मला सापडलं नव्हतं.

मी उजवं निवडलं. चौकटीत लिहिलं: 'संदर्भ चुकला आहे. वाक्य चांगलं आहे.'

३

दुसऱ्या दिवशी बंकट आला. बंकट सुनिताचा धाकटा भाऊ. नव्या ज्वारीचं पोतं त्याने पाठीवरून उतरवून जिन्याखाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

"दाजी, लई वाळलाव. जेवताव का न्हाई?"

"जेवतो."

"काय जेवताव? कागदं?"

मी हसलो असेन. त्याने स्वतःच चहा ठेवला, कप शोधले, माझ्या पुढ्यात आणून दिला. मग टेबलावरचा पडदा उजळलेला पाहून म्हणाला, "ह्ये मशीन लिव्हतंय, आन् तुमी मार्क देताव?"

"तसंच."

"मंग मशीन मास्तर झाल्यावर तुमी कावून बसायचं हितं? चला की आमच्याकडं. पोरं हायती, शेळ्या हायती, येळ जातोय."

"बघू."

"तुमचं बघू म्हंजी न्हाईच."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. टक्. लोखंड लाकडाला हलकेच लागावं तसा. मागची खिडकी उघडी होती आणि वारा होता. पुन्हा, टक्.

"दार लावून घ्या की दाजी. आदळतोय त्यो."

"कोण?"

"कोयता. आनखी कोण?"

मी उठून आत गेलो. दाराचं फळकूट भिंतीपासून ओढलं. मागे खिळ्याला मोडका कोयता लटकत होता. मूठ आणि पात्याचा अलीकडचा भाग. मोडलेली कड काळी पडली होती, जुनी होती. खिळाही जुना होता. त्याच्याभोवती चुन्याचे पोपडे उडालेले, गंजाचा ओघळ खाली उतरलेला.

बंकट माझ्यामागे येऊन उभा राहिला. "बाचा हाय आमच्या. मोडला तवा ताईनंच आणून लावलाता. आसं कावून बघताव? कवाचा हितंच हाय."

"आणि दुसरा अर्धा?"

"त्यो ताईपाशी," तो म्हणाला. कपातला उरलेला चहा त्याने मोरीत ओतला. "म्हंजी, ताईलाच ठावं. मला काय म्हाईत."

४

माणसाच्या डोक्याला सवय असते, ते कारण शोधून आणतं. मी त्याला शोधू दिलं.

ते दार नेहमी उघडं असतं, म्हणजे भिंतीला टेकलेलं. त्याच्यामागे मी कधी बघितलं होतं? बघितलं नसेल. कोयता असेल तिथे. तिने लावताना मला सांगितलंही असेल, मी वाचत असेन. मग मागणी लिहिताना ते कुठून तरी आतून वर आलं असेल. पण मागणीत मी खिळा लिहिला नव्हता, दारही लिहिलं नव्हतं. बरं, यंत्र अंदाज बांधतं. मोडका कोयता दारामागे नाही तर कुठे टांगतील?

हे सगळं पटण्यासारखं होतं. म्हणून मी एकदा तपासून पाहायचं ठरवलं.

लहानपणी उसाचं पातं लागून सुनिताच्या डाव्या भुवईत व्रण झाला होता. तिथे केस उगवत नसत. मी मागणीत फक्त 'भुवईवर व्रण' लिहिलं, कोणती ते लिहिलं नाही. उत्तरं आली. एकाने डावी भुवई लिहिली होती, एकाने उजवी. उजवी लिहिणारं उत्तर चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं. मी ते निवडलं. कारणाच्या चौकटीत 'ओघवतं' एवढंच लिहिलं, आणि मान वर करून समोरच्या भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे पाहिलं.

व्रण उजव्या भुवईत होता.

फोटो उलटा छापला गेला असेल, असं मी म्हटलं. खुर्ची ओढून वर चढलो. फोटो याच घरात काढलेला. तिच्या मागे बँकेचं कॅलेंडर आहे. कॅलेंडरवरची अक्षरं सुलट होती.

या क्षणी माणसाला भीती वाटायला हवी. मी वाट पाहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मला फक्त एवढंच वाटलं की हार सुकला आहे, बदलायला हवा. मग मी खाली उतरलो आणि पुढची मागणी उघडली. ती सोसायटीच्या सभेच्या नोटिशीची होती.

५

"सर, आता संवाद घेऊ," युवराज म्हणाला. "आठवणीत माणसं बोलली पाहिजेत. आणि खरं सांगू? दोघंही तुमच्यासारखं लिहायला लागलेत. परवा एक उत्तर वाचलं, मला वाटलं तुम्हीच वर्गात बोलताय."

"हे चांगलं की वाईट?"

"चांगलंच की, सर. तुमची निवड त्यांच्यात उतरतेय."

आठवणीसाठी मी पुन्हा सुनितालाच घेतलं. दुसरं कोण होतं? मी लिहायचो, आम्ही बाजारातून आलो, ती भाजी निवडायला बसली, मी पेपर वाचत होतो, ती मला बोलली. काय बोलली ते मुद्दाम द्यायचो नाही. ते मदतनिसांनी घडवायचं, आणि मी पाहायचं की तिच्याजवळ कोण पोचतं.

डावा लिहायचा: 'आवं धनी, कुटं निगालासा? भाकर खाऊनशान जावा की.'

आमच्याकडे नवऱ्याला कुणी धनी म्हणत नाही. निगालासा म्हणत नाही. सिनेमातल्या गावात म्हणत असतील. ते वाचताना सुनिताला कुणी नऊवारी नेसवून, कपाळाला बुक्का फासून नाटकात उभं केल्यासारखं वाटायचं.

उजवा लिहायचा: 'कुठे निघालात? जेवून जा.'

त्यात ती नव्हती. पण तिची थट्टाही नव्हती. मी उजवं निवडायचो. चौकटीत लिहायचो: 'चुकीची बोली लिहिण्यापेक्षा न लिहिलेली बरी.' दर वेळी तेच कारण. ते कारण मला अजूनही बरोबर वाटतं.

असे बरेच दिवस गेले. थंडी पडली. टोळ्या कारखान्यांकडे गेल्या आणि बंकटच्या गावाकडून येणारी एसटी रिकामी यायला लागली. मी फोटोकडे बघायचं टाळत होतो, फोनमधल्या निरोपालाही हात लावला नव्हता. तो मी रोज ऐकत नाही. झिजेल असं वाटतं. झिजत नाही हे ठाऊक असूनही.

एका दुपारी जेवण झाल्यावर तो लावला.

निरोप लहान आहे. मी बीडला एका चर्चासत्राला गेलो होतो तेव्हाचा. सुरुवातीला ती खोकते, मागे शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होते, मग ती बोलते. मला तो पाठ होता. कुठे श्वास घेते, कुठे हसू दाबते, सगळं.

ती खोकली. कुकर झाला. मग तिचा आवाज आला:

"पोहोचल्यावर फोन करा. उन्हात फिरू नका. का म्हणून विचारू नका, सांगितलं तेवढं ऐका."

आवाज तिचाच होता. हसू दाबण्याची जागाही तीच. शब्द एखाद्या स्वच्छ, नीटस पाठ्यपुस्तकातले होते.

मी पुन्हा लावला. मग पुन्हा. नंतर कुकर, खोकला आणि शब्द एकत्र इतक्या सहज बसले की पूर्वी वेगळं काही होतं हे मला स्वतःला बजावून सांगावं लागलं.

६

तेजश्रीला फोन केला. ती पुण्यात नोकरी करते. दुपारी फोन केला की घाबरते.

"पप्पा? काय झालं?"

"काही नाही. तुझी आई 'का'ला काय म्हणायची?"

"म्हणजे?"

"का, असं विचारायचं असेल तर. काय शब्द वापरायची?"

"का म्हणजे काच ना, पप्पा."

"नाही. दुसरा शब्द होता. बंकटमामा म्हणतो तो."

"मामाचं वेगळं. आई कधी मामासारखी बोलली? आपल्याकडे सगळे म्हणायचे, बाई सरांपेक्षा शुद्ध बोलते म्हणून. पप्पा, तुम्ही इकडे या. खरंच. तिथे एकटे नका राहू."

"बघू," मी म्हणालो.

मग बंकटला लावला. त्याच्या मागे शेळ्या ओरडत होत्या. मी त्याला तेच विचारलं.

"ताई? ताई कवा आमच्यावानी बोलली, दाजी? शाळंत गेली तवापासून शहरावानीच. आमी चिडवायचो की तिला." तो हसला. "कावून इचारताव?"

कावून. हाच तो शब्द. त्याच्या तोंडून आला, मला ऐकू आला, मी तो आता इथे लिहिलाही. पण सुनिताच्या तोंडात घालायला गेलो की तो 'का' होतो. मी कोऱ्या कागदावर लिहून पाहिलं. 'सुनिता म्हणाली,' इथपर्यंत पेन नीट जातं. पुढे हात आपोआप वळतो. डोळे मिटून तिचा आवाज आठवला तरी तेच. ओठ हलतात तिचे, शब्द पुस्तकातला येतो.

मी युवराजला फोन करून सांगितलं की मी केलेल्या निवडी परत घ्यायच्या आहेत. संवादांच्या सगळ्या.

"कावून म्हणजे... का, सर?" तो मूळचा आमच्याच जिल्ह्यातल्या नेकनूरचा, घाईत घरचं निसटतं. "चुका झाल्या का?"

"हो."

"सर, त्या आता निघत नाहीत. मुरल्या आत. लोणच्यातून मीठ वेगळं काढता येतं का? फार तर पुढं बरोबर निवडत राहा. हळूहळू चव बदलेल."

"दोन्ही चुकीची असली तर?"

"दोहोंतलं कमी चुकीचं, सर. आपण तेच तर करतो."

त्या घरात माझं म्हणावं असं आता एवढंच होतं: इथे एक बाई होती आणि ती वेगळं बोलायची, ही माहिती. बोलायची कशी, ते नाही. फक्त, वेगळं. दुसऱ्या कुणालाही ते ठाऊक नव्हतं. मी विसरलो की संपलं.

मी ठरवलं, काम बंद करायचं. संगणकाची वायर काढून ठेवली. काही दिवस पेपर वाचला, जुने अंक चाळले, योगेश्वरीच्या देवळाच्या बाजूने चालून आलो. मंडईत बायकांच्या मागे उभा राहून ऐकत राहायचो. लई महाग दिलंस, न्हाई परवडत, कावून नको म्हनतीस. दुसऱ्यांच्या तोंडात सगळं शाबूत होतं. घरी येऊन कुलूप काढलं की खोल्या गप्प असायच्या. मांडणीवरची ताटं जागच्या जागी. पिण्याच्या पाण्याच्या माठावर झाकण. मी एकटा माणूस जितका आवाज करतो तितकाच आवाज.

७

मी वायर पुन्हा लावली ती एका साध्या विचाराने. मागणीत बोलीच मागायची. स्पष्ट शब्दांत. मिळालं तर मिळालं.

दुपार होती. खिडकीतून ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं. मी लिहिलं:

'दुपारची वेळ. सुनिता स्वयंपाकघरातून मला हाक मारते. तिच्या स्वतःच्या बोलीत. बीड जिल्हा, शिरूर कासार.'

दोन्ही उत्तरं आली.

डावं: 'आवं धनी, ऐकलासा का? ताट वाढू नव्हं?'

उजवं: 'ऐकलंत का? ताट वाढू का?'

मी कारणाच्या चौकटीत लिहिलं की दोन्ही चुकीची आहेत. पान पुढे जाईना. खाली तीच ओळ होती. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. दोन्ही उत्तरं तशीच माझी वाट पाहत होती.

उठून जाता आलं असतं. हे मी नीट समजून घेतलं होतं, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा नीट. उठलो तर घर गप्प राहील आणि माझ्याजवळ ती माहिती राहील, की ती वेगळं बोलायची. निवडलं तर ती माहितीही जाईल. मी हेही समजून घेतलं होतं की कित्येक महिन्यांत मला कुणी ताट वाढू का, असं विचारलेलं नाही.

मी उजवं निवडलं.

"ऐकलंत का?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "ताट वाढू का?"

मोठ्याने नाही. रोज विचारतात तितक्याच आवाजात. 'ऐकलंत'मधला अनुस्वार अगदी जागेवर.

मी उठलो. बाहेरची खोली, मग मधली, जिथे तिची खाट होती आणि आता काही नाही. फरशी गार होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबलो.

ती पाठमोरी होती. मांडणीसमोर. उजवा हात वर, ताटाच्या दिशेने गेलेला आणि ताटाला न पोचलेला. बोटं उघडी. बांगड्या मनगटावरून सरकून कोपराकडे आलेल्या. पदर खांद्यावर, मानेवर अंबाड्याबाहेर आलेले थोडे केस. साडीचा रंग मला सांगता येत नाही. मी बघितला, पण तो ठरलेला नव्हता.

ती हलत नव्हती. थांबलेल्या माणसाचा खांदा तरी वरखाली होतो, तसंही नाही.

"सुनिता," मी म्हणालो.

काही नाही. हात वर तसाच. बाहेर भंगारवाला ओरडत गेला आणि त्याचा आवाज कोपऱ्यावर वळून विझला. मी वाट पाहिली. मग माझ्या लक्षात आलं की तीही वाट पाहते आहे. मी एवढंच लिहिलं होतं. ती हाक मारते. पुढे ती काय करते हे मी लिहिलं नव्हतं.

मला तिच्याजवळ जावंसं वाटलं नाही. मागे फिरावंसंही वाटलं नाही. मी टेबलाशी आलो, चष्मा पुसला आणि लिहिलं: 'सुनिता ताट वाढते.'

उत्तरं लगेच आली.

डावं: 'सुनिता ताट काढते, वळते आणि माझ्याकडे पाहते.'

उजवं: 'सुनिता माझ्याकडे पाठ ठेवूनच ताट वाढते.'

दोन्ही शुद्ध होती. डाव्यातली नाटकी बोलीही आता गेली होती. मी दोन्ही वाचली, विद्यार्थ्यांची वाचायचो तशी, घाई न करता. पहिल्यातल्या 'वळते'वर बराच वेळ थांबलो. वळली तर मला तिच्याकडे बघावं लागेल. मग ती बोलेल, आणि मी तिला ओळखलं आहे असं मला वागावं लागेल. रोज.

मी उजवं निवडलं. चौकटीत कारण लिहिलं: 'अधिक संयत आहे.'

आत ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग वाटीचा.